कार्डाने गाळलेलं वाक्य

तीर्थस्वरूप मामा,

साष्टांग नमस्कार. (गुडघ्यामुळे प्रत्यक्षात तो अर्ध्यावरच अडतो, उरलेला कागदावर पुरा करते आहे.) तुमचं पित्त कसं आहे? मामींनी नव्या गोळ्या सुरू केल्या, की अजून डॉक्टरांशी वादच चालू आहे? इकडे सगळं ठीक. मी चष्म्याच्या दुकानात लोकांना खालची ओळ वाचायला लावते, आई मला घरी आल्यावर कामाला लावते. आप्पांच्या घशाची जखम छान भरली आहे. आवाज मात्र ऑपरेशनबरोबर गेला तो गेलाच. आता ते टाळी वाजवून बोलावतात आणि भुवईने नाही म्हणतात. घरात पूर्वीपेक्षा जास्त बोलणं होतं, असं माझं निरीक्षण आहे.

पत्र लिहायचं कारण म्हणजे तुम्ही काढलेली कॅसेट. आप्पांच्या निरोप समारंभाची. आप्पांचा आवाज जगात आता फक्त तिच्यात उरला आहे, आणि आमचा व्हीसीआर अलीकडे कॅसेट आत घेतल्यावर असा काही घरघरतो की ती परत मिळेल की नाही याची शाश्वती नसते. म्हणून मी ठरवलं की कॅसेटवरचं सगळं कॉम्प्युटरमध्ये घ्यायचं आणि त्याच्या डिस्क करायच्या. कॉम्प्युटरच्या दुकानदाराने एक ग्राफिक्स कार्ड दाखवलं. त्याला मागे एक पिवळं भोक असतं, त्यातून व्हिडिओ आत जातो. "ताई, वायर लावायची आणि बटण दाबायचं, बस्स," असं तो म्हणाला. (हा गृहस्थ माझ्याकडेच चष्म्याला येतो. त्याचा नंबर किती वाढलाय हे मला आधी आठवायला हवं होतं.)

कार्ड बसवल्यावर कॉम्प्युटर प्रथम सुरूच होईना. मग सुरू झाला तो आप्पांचं सगळं ऑफिस हिरवं दाखवायला लागला. मोठे साहेब तर कच्च्या कैरीसारखे दिसत होते. ते निस्तरलं तेव्हा कळलं की पिवळ्या भोकातून फक्त चित्र जातं. आवाजाला वेगळी वायर, वेगळं भोक. म्हणजे चित्र एका दाराने येणार, आवाज दुसऱ्याने, आणि आत दोघांची गाठ पडली तर पडली. ती पडली नाही. सुरुवातीला फरक जरासाच होता, पण पुढे पुढे आवाज इतका मागे राहिला की आप्पा बोलून खाली बसले तरी त्यांचं भाषण चालूच, आणि ते बाहेर पडत होतं खुर्च्या उचलणाऱ्या शिपायाच्या तोंडून. आप्पा हे बघून इतके हसले की मी घाबरले. (आवाजाशिवाय हसणारा माणूस आणि ठसका लागलेला माणूस यांत फरक करायला अजून जमत नाही.)

शिवाय हे काम घाईने होत नाही. कॅसेट जेवढी लांब तेवढा वेळ ती चालवावी लागते, आणि तेवढ्यात कॉम्प्युटरला दुसरं कसलंही काम सांगायचं नाही. मी माउसला हात लावायला घरात सगळ्यांना बंदी केली. तरी एकदा मी भाजी आणायला गेले असताना पडद्यावर आपोआप मासे पोहायला लागले, आणि त्या अवधीत कॉम्प्युटरने चित्र टिपणं जवळजवळ सोडून दिलं. (त्याला स्क्रीनसेव्हर म्हणतात, आणि ते मासे बंद करता येतात. हे मला नंतर कळलं.) तेव्हा काम संपल्यावर पडद्यावर एक चौकट आली: अमुक इतक्या फ्रेम्स गळाल्या. आईने विचारलं, गळाल्या म्हणजे काय? मी म्हटलं, कॉम्प्युटरला जे धरून ठेवता आलं नाही ते. हे वाक्य मी जपून बोलायला हवं होतं.

शेवटी एका रविवारी सगळं जुळलं. मासे नाहीत, हिरवा रंग नाही, आप्पांचं तोंड आणि आप्पांचा आवाज एकाच वेळी. डिस्क लावली आणि आम्ही तिघं बसलो. आई पदर नीट करून बसली, जणू तिलाच स्टेजवर बोलावणार आहेत. तुम्हाला आठवत असेल, त्या दिवशी ती तापाने घरी पडून होती, आणि तुम्ही संध्याकाळी येऊन तिला सांगितलं होतं की आप्पा भाषणात तिच्याबद्दल फार सुंदर बोलले. ते ऐकून आपल्याला रडू आलं, हे ती आजही सांगते. (कॅसेट तिने कधी पुरती बघितली नाही, तुमचं सांगणं तिला पुरे होतं.) आप्पांनी त्यावर कधी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. तेव्हा त्यांना आवाज होता.

भाषण सुरू झालं. आप्पांनी साहेबांचे आभार मानले, टायपिस्टबाईंचे मानले, ड्रायव्हरचे मानले, खिडकीजवळच्या टेबलफॅनबद्दल तर गहिवरून बोलले. आणि बसले.  आई म्हणाली, "गाळलंन बघ तुझ्या कार्डाने."

"काय गाळलं?"

"माझं वाक्य. एवढं महागाचं कार्ड, टेबलफॅन बरोबर धरलान, आणि नेमकं तेवढंच गाळलंन."

मामा, या खटाटोपात ती कॅसेट मी टीव्हीवर इतक्या वेळा ऐकली आहे की भाषण मला पाठ आहे. कार्ड निर्दोष आहे. मी डिस्क काढून पुसायला घेतली. आप्पांनी माझ्याकडे बघितलं आणि भुवई मुळीच हलवली नाही.

दुसऱ्या दिवशी आई शेजारी गेल्यावर त्यांनी टाळी वाजवली. चित्राच्या खाली अक्षरं टाकता येतात का, हे त्यांनी खुणेने विचारलं. येतात म्हटलं. मग मी कीबोर्डवर मराठी अक्षरं कुठे लपली आहेत ते कागदावर काढून दिलं, आणि त्यांनी एका बोटाने अख्खी दुपार टाइप केलं. टेबलफॅन संपतो आणि ते बसतात, त्याच्यामध्ये हे वाक्य आता खाली येतं: "घरी एक व्यक्ति आहे, तिच्यामुळे मी रोज ऑफिसात वेळेवर आलो."

आईला दाखवलं. तिने चष्मा पुसून वाचलं. आप्पा पाठमोरे उभे राहून खिडकीची कडी बघत होते. (तिच्यात काही बिघाड नाही.)

"व्यक्तीतली ती दीर्घ," आई म्हणाली. "आणि हे ते वाक्य नव्हे. दादाने सांगितलं होतं ते कितीतरी चांगलं होतं."

आणि स्वयंपाकघरात गेली. नंतर ती एकटी असताना पडद्याचा उजेड मला दारातून दिसला. टेबलफॅन संपला होता आणि खाली आप्पांचं वाक्य होतं. तिथेच थांबवलेलं.

तुम्हाला एक डिस्क सोबत पाठवते आहे. मामींना नमस्कार, पित्त सांभाळा.

तुमची,
भाची

ता. क. मामा, तेव्हा तुम्ही आईला नक्की काय सांगितलं होतं? तेवढं उलट टपाली कळवावं. आईला विचारलं तर ती म्हणते, ते तोंडाने सांगण्यासारखं नाही. चित्राखाली फक्त दोन ओळी मावतात, हे ध्यानात असू द्यावं.

ता. क. २. ते वाक्य तुम्हीच रचलेलं असेल (असं मी म्हणत नाही) आणि आता आठवत नसेल, तर दुसरं रचलं तरी चालेल. पण त्याच तोडीचं हवं. आई फरक ओळखेल.

ता. क. ३. पाकीट चिकटवण्याआधी हे पत्र आप्पांनी वाचलं. वरच्या दोन्ही ता. क. वर त्यांची भुवई वर गेली, तेव्हा तुम्ही काही पाठवू नये. सकाळपासून ते कीबोर्डपुढे बसून आहेत. आतापर्यंत एकच शब्द झाला आहे, तो म्हणजे आईचं नाव. बोलता येत होतं तेव्हा ते त्यांच्या तोंडून मी एकदाही ऐकलं नव्हतं.