आदेश आला, निघा

१२ ऑक्टोबर

मिळालं! आमच्या बचाव पथकाला अनुदान मिळालं!

नियंत्रण कक्षातल्या साहेबांचा फोन आला तेव्हा एका पॅन्टची चेन उसवत होते. इतकी दचकले की सुई बोटात गेली. "ताई, पेढ्यांचं बघा आता," म्हणाले. पेढे कसले, रक्त पुसायला चिंधी सापडेना!

नवे दोर, नवे वायरलेस सेट, नवं स्ट्रेचर. आणि मी ज्याच्यासाठी इतके दिवस ऑफिसच्या पायऱ्या झिजवल्या ते – पथकातल्या प्रत्येकाचा विमा. लोकांना अजून वाटतं, दरीत पडलेल्याला काढायला जातात ते सगळे सरकारी पगारावर आहेत. कसला पगार! आमचे हे वायरमन, बुटक्या रंगारी, बाकीचे दोघे असेच पोटापुरते. हातातलं काम टाकून जातात आणि वर गिऱ्हाइकाच्या शिव्या खातात.

हे घरी आले, सांगितलं. म्हणाले, "बरं झालं." बस्स. जन्मात या माणसाला उडी मारताना बघितलं नाही. दोराला लटकल्याशिवाय.

अट एकच आहे. नियंत्रण कक्षाचा आदेश आल्याशिवाय पथकानं हलायचं नाही. आदेशाशिवाय गेलं तर विमा लागू नाही. साहेब म्हणाले, तुमचं पथक पहिलं, नमुन्यादाखल. तुमच्याकडे जमलं की सगळ्या खोऱ्यांत हीच पद्धत.

१३ ऑक्टोबर

रात्रभर झोप नाही. चांगली बातमी आली तरी मला झोप येत नाही आणि वाईट आली तरी नाही. हे म्हणतात, "तुला काळजी करायला काळजीच लागते असं नाही."

१५ ऑक्टोबर

बैठक. आमच्याच खोलीत, शिलाईचं मशीन भिंतीला सरकवून. बुटक्या दारात वाकून आत आला आणि नेहमीसारखं डोकं आपटलंच. (हे नाव ठेवणाऱ्याला बक्षीस दिलं पाहिजे. पथकातला सगळ्यात उंच!)

बेकरीवाले काकाही काठी टेकत आले. दोन वर्षांपूर्वी दुसऱ्याच्या पोरीला वर काढताना ते स्वतः पडले आणि खुबा गेला. तेव्हा भट्टी कितीतरी महिने बंद होती. काकू कधी एका शब्दानं बोलल्या नाहीत. फक्त तेव्हापासून सुटे पैसे देताना वर बघत नाहीत. कारण त्या दिवशीही सेटवर मीच होते, "निघा" मीच म्हणाले होते. मी अनुदानासाठी हट्ट धरला तो त्या न बघण्यामुळे.

अट वाचून दाखवली. बुटक्या म्हणाला, "म्हणजे माणूस खाली बोंबलतोय आणि आपण गाडीत भजन करायचं?" मी म्हटलं, "फोन लावला की आदेश येणार. एवढं काय!" मग मी सगळ्यांसमोर ह्यांच्याकडून कबूल करून घेतलं – आदेशाशिवाय पाऊल टाकणार नाही. "तू सांगितल्याशिवाय नाही," म्हणाले.

आमच्यात ही रीतच आहे. सेटवर बसलेल्याच्या शब्दावर उलट प्रश्न नाही. वर गेलेल्यांना काही दिसत नाही, खाली बसलेल्याला सगळीकडचे फोन येतात. मी "थांबा" म्हटलं की थांबतात, "निघा" म्हटलं की निघतात. घरात माझं कोण ऐकतं! पण सेटवर ऐकतात.

१९ ऑक्टोबर

दोर आले. कोणी हातच लावेना. नव्या पाहुण्यासारखे कोपऱ्यात बसलेत.

२६ ऑक्टोबर

नव्या पद्धतीनं पहिलंच काम. सरपणाला गेलेले एक आजोबा वाट चुकले. कक्षाला फोन केला – चहाला उकळी यायच्या आत आदेश! मी दारातून ओरडतच बाहेर गेले, "आला! आला! निघा!" शेजारीण घाबरून कपडे तसेच दोरीवर टाकून आत पळाली. आजोबा सापडले, वर ह्यांनाच म्हणाले, "मी कुठं हरवलो होतो? तुम्हीच उशिरा आलात!"

ह्यांना म्हटलं, "बघा!" म्हणाले, "बघितलं."

७ नोव्हेंबर

हे वर गेलेत. लिहिलं नाही तर वेड लागेल, म्हणून लिहितेय. अक्षर बघा काय येतंय!

दुपारी फोन आला. रस्त्याच्या मोजणीला आलेली इंजिनियर पोरगी मागच्या घळीत घसरली. पाय दगडांत अडकलाय, वर कुठंतरी पाऊस झालाय आणि पाणी चढतंय. तिच्याबरोबरचा माणूस रडत होता. "गुडघ्यापर्यंत आलंय हो," एवढंच म्हणत होता.

मी कक्षाला फोन लावला. साहेब बैठकीत. परत लावला. "लाइन धरा." धरली. कट. परत लावला. "ताई, सही साहेबांचीच लागते. बैठक संपली की देतो." म्हटलं, "पाणी थांबेल का बैठकीसाठी?" पलीकडचा बिचारा काय बोलणार. "मी साधा ऑपरेटर आहे, ताई."

जीप दारात, इंजिन चालू. चौघं बसलेले. खिडकीतून बुटक्याचे फक्त गुडघे दिसत होते. हे आत आले. "आला का?" म्हटलं, नाही. बाहेर गेले. परत आले. "आला का?" आणि मला काकूंचा गल्ल्यावरचा हात दिसत होता, आणि त्या माणसाचं रडणं कानात. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं! पुन्हा फोन आला. "मांडीपर्यंत."

हे तिसऱ्यांदा दारात आले. मी म्हटलं, "आला. निघा."

मी सरळ तोंडावर खोटं बोलले. हे वळले आणि गेले. काहीही विचारलं नाही.

चौघंही विम्याशिवाय वर आहेत आणि हे फक्त मला माहीत आहे. धुकं उतरलंय. सेटवर नुसती खरखर.

नंतर –

कक्षाचा फोन. साहेब निघून गेले, आदेश उद्या सकाळी. "तोवर पथकानं जाऊ नये हं, ताई." मी "बरं" म्हटलं. उद्या सकाळी! वरातीमागून घोडं. आणि माझी वरात तर कधीच गेली.

देवा, चौघांना नीट आण. बाकी काही मागणार नाही. (दरवेळी हेच म्हणते.)

८ नोव्हेंबर

पोरगी जिवंत आहे. छातीपर्यंत पाणी आलं होतं म्हणे. आणखी थोडा वेळ आणि संपलं होतं. तिची आई येऊन ह्यांच्या गळ्यातच पडली.

बुटक्याचा उजवा हात गेला. म्हणजे हात आहे, पण स्ट्रेचर आणि कातळ यांच्यामध्ये चिरडला. तीन बोटांचा चुरा झालाय. रंगाऱ्याचा उजवा हात!

दवाखान्याच्या बाकावर त्याची बायको बसली होती, त्याचे बूट मांडीवर घेऊन. मला बघून उठली. "वहिनी, ऑपरेशन मोठं आहे म्हणतात. पण विमा आहे ना? तुम्हीच आणलात ना तो?"

मी म्हटलं, "हो. आहे."

११ नोव्हेंबर

जेवण जात नाही. एका गिऱ्हाइकाच्या पॅन्टचा एक पाय आखूड शिवला. म्हणाला, "ताई, मी लंगडा दिसतो का?" मला रडूच फुटलं, बिचाऱ्यानं दुप्पट पैसे ठेवले आणि पळाला.

१३ नोव्हेंबर

ह्यांना सांगितलं. स्वयंपाकघरात, पाठ करून, भांडी घासता घासता. समोर बघून जमलं नसतं.

मग म्हणाले, "माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"अगं, आदेश आला असता तर तू ओरडत रस्त्यावर आली असतीस. त्या दिवशी किती हळू म्हणालीस."

मग विचारलं का नाही, म्हटलं. "विचारलं असतं तर थांबावं लागलं असतं." आणि टॉवेल घेऊन भांडी पुसायला लागले. लग्नाला इतकी वर्षं झाली, पहिल्यांदा पुसली असतील!

पण बुटक्याला कुठं माहीत होतं? तो माझ्या शब्दावर गेला. ह्यांनी आणि मी दोघांनी मिळून त्याला फसवलं असं झालं. हे मी बोलून दाखवलं तेव्हा ह्यांच्या हातातून ताट पडलं.

१७ नोव्हेंबर

बुटक्याकडे जाऊन आले. सांगायचं ठरवूनच गेले होते. तो डाव्या हातानं चहा पीत होता, अर्धा शर्टावर. म्हणाला, "वहिनी, आता छतं रंगवायला मी शिडीशिवाय जातो, ब्रश तोंडात धरून!" हसला. त्याची बायको नाही हसली. भिंतीवर अर्धाच लावलेला निळा रंग होता, घरचंच काम, सवडीनं करायचं म्हणून राहिलेलं.

नाही सांगता आलं. भित्री आहे मी. सेटवर बसून माणसांना कड्यावर पाठवते आणि एका खोलीत चार शब्द बोलवत नाहीत.

२० नोव्हेंबर

साहेब घरी आले! स्वतः, गाडी घेऊन. मला वाटलं, संपलं, आता अनुदान परत, पथक बंद.

बसले, पाणी प्यायले, मशीनकडे बघत म्हणाले, "छान आहे हो जुनं मशीन." मग हळूच – ती पोरगी वाचल्याचं वर फार कौतुक झालंय. योजनेचं पहिलं मोठं यश. आता आदेशाचीच वेळ तेवढी जुळत नाही. "तर ताई, आदेश आम्ही वेळेत दिला होता असं दाखवू. म्हणजे त्या रंगाऱ्याचा विमा पास, तुमचं पथक सुरक्षित. तुम्ही फक्त उशीर झाल्याचं कुठं बोलू नका. कुठंच."

चेहऱ्याला घाम होता त्यांच्या. तेही घाबरलेत! इतके दिवस मला वाटायचं, त्या ऑफिसात मीच एकटी घाबरत असेन.

उद्या सांगते म्हटलं.

२१ नोव्हेंबर

ह्यांच्याशी भांडण. म्हणजे मी भांडले, हे ऐकत होते.

"खरं सांगून टाक," हे म्हणाले. "आदेशाला उशीर झाला, म्हणून मी खोटं बोलले, असं. काय करतील?"

"अनुदान काढून घेतील! आणि बुटक्याचा हात?"

"पण त्यांना वाटेल ही पद्धत चालते. मग बदलतील कशाला?"

"आणि बुटक्याचा हात?" मी परत म्हटलं.

दुपारी साहेबांना फोन केला. "ठीक आहे," म्हटलं.

२ डिसेंबर

विमा पास. बुटक्याच्या बायकोनं माझे दोन्ही हात धरले आणि सोडेचना. मला पळून जावंसं वाटत होतं.

५ डिसेंबर

पाव आणायला गेले होते. काकूंनी सुटे पैसे दिले आणि वर बघितलं. "बरं झालं हो तुम्ही विमा केलात. आमच्या वेळी नव्हता." एवढंच. घरी येईपर्यंत रस्ता धूसर दिसत होता.

निदान हे तरी बरोबर केलं मी. केलं ना?

९ जानेवारी

योजना सगळ्या खोऱ्यांत लागू. तीच अट, शब्दही तेच. कार्यक्रमात साहेबांनी आमच्या पथकाला उभं केलं, टाळ्या झाल्या. हे खाली बघत होते. बुटक्यानं डावा हात हलवला.

संध्याकाळी एक फोन. पलीकडच्या खोऱ्यातल्या पथकाची बाई. सेटवर आता तीच बसणार. गोड आवाज, वय फार नसावं. तिचा नवराही पथकात. "ताई, मला फार भीती वाटते हो. तुमच्याकडे आदेश वेळेवर येतो ना?"

कुणाला बोलणार नाही, असा शब्द दिला होता साहेबांना. फोनवर काय काय सांगणार? म्हटलं, भेट झाली की शांतपणे बसून सगळं सांगेन.

"येतो," म्हटलं.

"हुश्श! मग मी आता कुणाचं ऐकणार नाही. ह्यांना बजावून ठेवलंय, आदेश आला तरच निघायचं."

१० जानेवारी

तिला परत फोन करायचा होता. करणार होते. आज गिऱ्हाइकं फार होती.

२ फेब्रुवारी

पलीकडच्या खोऱ्यात परवा दुपारी एक मेंढपाळ कड्यावरून घसरला. खालून हाका मारत होता, ऐकू येत होत्या. पथक तयार होतं, जीप चालू होती. आदेश काल सकाळी आला. त्याला चादरीत गुंडाळून खाली आणलं.

तिचा नवरा तिला सारखा विचारत होता म्हणे – आला का? आला का? तिनं दरवेळी खरं तेच सांगितलं.