खालच्या बाजूची खूण

प्रिय आत्या,

हात धुऊन, चांगले कोरडे करून लिहायला बसलोय. ड्रोनला हात लावण्याआधी तू मला हात कोरडे करायला लावायचीस, ती सवय अजून आहे. बाकी तुझं काय काय मी ठेवलं, ते विचारू नकोस.

परवा बिरोबाची जत्रा आहे आणि मंडळाच्या पोरांनी पुन्हा ड्रोन उडवायला सांगितलंय. त्याआधी तुझ्याशी बोलायला हवं. त्या जत्रेनंतर तू दोन वर्षांहून जास्त माझ्यासमोर होतीस, तेव्हा माझी जीभ रेटली नाही. आता तू जाऊन आठ महिने झाले आणि मला कंठ फुटलाय! लाज वाटते, आत्या. खरंच लाज वाटते.

तुला आठवतं, भुंगा पहिल्यांदा घरी आला तेव्हा? ड्रोनला तू भुंगाच म्हणायचीस. कराडच्या कॉलेजात लॅबमध्ये नोकरी लागली आणि मी तो हौसेनं घेतला. शनिवारी गावी आलो की माळावर उडवायचा आणि धुळीनं माखलेला तसाच पेटीत कोंबायचा. एकदा तू ती पेटी उघडलीस.

"आरं, शेरडू चरून आलं तरी त्याच्या खुरातला काटा बघत्यात. आन् ह्ये एवढं उडून आलं, त्याला कुनी बघायचं?" म्हणालीस. आणि तुझ्या शिलाई मशीनचा बारका ब्रश घेऊन बसलीस.

तेव्हापासून भुंग्याची निगा तुझ्याकडे. मोटरीत अडकलेली कुसळं तू चिमट्यानं काढायचीस. कॅमेऱ्याची काच मलमलच्या तुकड्यानं पुसायचीस, तीही फुंकर न मारता, कारण फुंकरीत थुंकी येते. बॅटरी ठेवून द्यायची असली तर अर्धीच भरलेली ठेवायची, हे मी एकदा सांगितलं तर म्हणालीस, "म्हंजे उपास बी न्हाई आन् जेवान बी न्हाई." पण विसरली कधी नाहीस.

फक्त तेलाचं तुला पटेना. बिनतेलाचं मशीन असतं का कुठं? आठवडाभर तू मला फिरून फिरून विचारलंस. नको म्हणजे नको, तेलानं धूळ धरते, असं मी सांगितल्यावर मात्र तू तेलाची कुपी आधी उचलून फळीवर ठेवायचीस आणि मगच भुंगा पुढ्यात घ्यायचीस. हे मी दर वेळी डोळ्यांनी बघत होतो. नीट ध्यानात घे, मला हे माहीत होतं.

पहिल्या जत्रेत मी गजी नाचणाऱ्यांवरून तो इतका खाली नेला, की उधळलेला भंडारा चारही मोटरींत गेला. मी शहाणा ओल्या फडक्यानं पुसायला लागलो आणि हळदीचा चिखल करून ठेवला! तू माझ्या हातून फडकं ओढून घेतलंस. चिखल वाळू दिलास, खाली कागद पसरलास आणि ब्रशनं कण न् कण झाडून काढलास. जमिनीवर सांडू दिला नाहीस. देवाचा भंडारा पायदळी कसा जाऊ द्यायचा? कागदावरचा चिमूटभर आधी माझ्या कपाळाला लावलास, मग स्वतःच्या, आणि मग भुंग्याच्याही.

आता पुढच्या वर्षीचं लिहितो.

जत्रेच्या सकाळी तू भुंग्याच्या प्रत्येक पात्याच्या कडेवरून नख फिरवत होतीस. एकाशी थांबलीस. कापड बेततानाच्या निळ्या खडूनं तिथं रेघ मारलीस आणि म्हणालीस, "हितं नखाला लागतंय. चीर हाय. ह्ये बदल, मगच उडीव." माझ्याकडं दुसरं पातं नव्हतं, मागवलेलं अजून आलं नव्हतं. तिकडे ढोल सुरू झाला होता, पोरं हाका मारत होती. मी अंगठ्यानं खडू पुसला आणि उडवला.

पुढचं गावानं बघितलं. पातं तुटलं, भुंगा गरगरत खाली आला आणि ढोल वाजवणाऱ्या बिरूतात्यांच्या भुवईवर आदळला. पाच टाके पडले. डोळा बोटभरानं वाचला.

सगळे माझ्याकडं बघायला लागले आणि मी काय बोललो? "आत्यानं साफ केलाय. मशीनचं तेल घातलं असणार."

सगळ्यांना खरं वाटलं. मी कराडच्या लॅबमधला, तू चौथी शिकलेली! तुझ्या हातात भंडाऱ्याचं ताट होतं. तू माझ्याकडं एकदाच बघितलंस. मग ताट खाली ठेवून बिरूतात्यांना म्हणालीस, "चुकलं माजं, तात्या." आणि पदर फाडून त्यांच्या कपाळाला बांधलास. मी दुपारच्याच एसटीनं कराड गाठलं.

त्यानंतर कुणाचं शिलाई मशीन अडलं की बायका तुझ्याकडं बघून हसायच्या, आक्काकडं नका न्हेऊ, तेल घालून पाडंल. तूही हसायचीस. मी पुन्हा एकदा भुंगा तुझ्या टेबलावर ठेवून बघितला, जणू काही झालंच नव्हतं. तू तो हळूच बाजूला सारलास. "नगं रं बाबा. आमी अडानी मानसं." एवढंच. दोन वर्षांत तू मला केलेली शिक्षा एवढीच.

काल आईनं तुझं मशीन शिवणकाम शिकणाऱ्या एका पोरीला द्यायचं ठरवलं आणि ड्रॉवर मला रिकामा करायला लावला. बॉबिनच्या डब्यात ब्लाउजपीसच्या चिंधीत गुंडाळलेले दोन तुकडे निघाले. तेच पातं. जत्रेच्या मातीतून तू कधी वेचून आणलंस? मी उलटं करून बघितलं. खालच्या बाजूला निळी रेघ होती. तू दोन्हीकडून खूण केली होतीस, मी वरचीच पुसली होती. आणि पातं बरोबर त्या रेघेवर तुटलं होतं.

म्हणजे पुरावा तुझ्या हाताशी होता. बायका हसत होत्या तेव्हा तो ड्रॉवर तुझ्या गुडघ्यापाशी होता. का नाही दाखवलास, आत्या? एकदा माझ्या तोंडावर फेकायचास! माझ्यावरच्या मायेनं गप्प राहिलीस, असं म्हणणं मला सोयीचं आहे. पण मी आपणहून सांगेन म्हणून तू वाट बघत होतीस, असंही असेल. दवाखान्यात शेवटी तू मला विचारलंस, "भुंगा बरा हाय का?" तेव्हा तरी मला कळायला हवं होतं. मी म्हणालो, बरा आहे.

काल आईला सगळं सांगितलं. वाटलं, रडेल, मग मला जवळ घेईल. तिनं ते तुकडे हातात घेऊन बघितले आणि म्हणाली, "मला सांगून काय उपेग? बोलतानी चारचौघांत बोल्लास न्हवं?"

तेव्हा आत्या, हा माझा शब्द. परवा ढोलावर पहिली टिपरी पडायच्या आधी मी बिरूतात्यांपुढं जाईन. भंडाऱ्याच्या ताटात ते दोन तुकडे ठेवीन, खालची बाजू वर करून. आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणेन, आत्यानं तेल घातलं नव्हतं, तिनं खूण केली होती, मी पुसली. मग कुणी मारो, कुणी हसो. त्यानंतर उडव म्हणाले तर उडवीन, नाहीतर पेटी बंद. भुंगा मात्र आज सकाळीच साफ करून ठेवलाय. तुझ्याच ब्रशनं, तेलाची कुपी फळीवर ठेवून.

तुझा भाचा,
संजू