आठ दिवसांत तेल

२ डिसेंबर १९९६, कन्हेरी
रजेवर घरी. अंकलेश्वरला तेलाच्या विहिरीवर परत जायचं न्हाय, ठरलं. इथल्या शाळेत शिपायाची जागा रिकामी हाय. हेडमास्तर लियाकत सर म्हणाले, बघू. म्हंजी झालंच. आधी आपली किंमत दाखवतो. चौथीला तेल कसं तयार होतं ते शिकवणार. पुस्तकातनं न्हाय, हातानं.

३ डिसेंबर
शाळेमागं खड्डा. तळाला जर्मनचं पातेलं. वर उसाचं पाचट, कालव्यातले मेलेले मासे, चिकणमाती. मधी पाइप, विहिरीसारखा. धरतीचा दाब म्हणून अख्खी चौथी वर नाचवली. चौथीच्या रश्मीबाई म्हणाल्या, याला कोटी वर्षं लागतात. लागत असतील, सरकारी काम. आपण सोमवारी उघडणार. बाईंनी विहीर बघितली तरी हाय का? मी दोन वर्षं तितं हाय. चिखलाची टाकी धुतो, पण विहिरीचीच टाकी.

५ डिसेंबर
वास सुटला. कुत्री उकरतात. गावातल्या झुंबरलाही शिपायाची तीच जागा पायजे. सगळ्यांदेखत विचारतो, काय भूषणराव, तेल का रस्सा? टाळकंच फोडणार होतो. शिपाई झाल्यावर फोडीन.

८ डिसेंबर, संध्याकाळ
काठी घालून बघितली. पाचट तसंच. माशांचं लिहीत न्हाय. चूक माझी न्हाय. चौथीची पोरं हलकी, सातवी नाचवायला पायजे होती. पोरांचा हिरमोड नको, म्हणून आईचं रॉकेल पाइपातनं थोडं ओतलं. थोडं म्हंजी महिन्याचं. ही फसवणूक न्हाय, मदत.

९ डिसेंबर
लियाकत सरांसमोर पातेलं वर काढलं. पोरं ओरडली, तेल! मी झुंबरकडं बघितलं. तेवढ्यात माझी पुतणी साक्षी म्हणाली, सर, हे निळं हाय, आमच्या रेशनच्या रॉकेलागत. तिच्या वर्गातली शबीना म्हणाली, पातेलं बी तुझ्या आजीचंच की गं. झुंबर पोट धरून खाली बसला. सर हसले न्हाईत. विचारलं, किती ओतलंस? मी म्हणालो, दाब कमी पडला.

११ डिसेंबर, बारामती स्टँड
सरांनी झुंबरचं नाव पुढं दिलं. त्याचं पहिलं काम खड्डा बुजवणं. बुजव म्हणावं! असल्या अडाणी गावात शिपाई व्हायचंय कुणाला? परवापासनं घरी स्टोव्ह बंद, आई चुलीपुढं खोकते. अंकलेश्वरला निघताना तिनं रॉकेलचा रिकामा डबा हातात दिला. म्हणाली, तितं जमिनीतनं निघतं म्हणतोस, येताना भरून आण. वाटलं, टोमणा मारती. पण हसली न्हाय.
डबा मांडीवर घेऊन बसलोय.