लाल फुलीची गिटार

२ फेब्रुवारी

ती. मामास,
टिचकीचा साष्टांग नमस्कार आणि विनंती अशी, की हे पत्र पुरतं वाचल्याशिवाय केराच्या टोपलीत टाकू नकोस. फोनवर तू ‘हं’च्या पुढे जात नाहीस. कागदावर मात्र सुटतोस, असं आई म्हणते, म्हणून हा खटाटोप.

संगीत विद्यालयात गिटार शिकवणाऱ्यांची निवड आहे, अठ्ठावीस तारखेला. माझं वय यंदा अटीत बसतं, पुढच्या वर्षी बसणार नाही. म्हणजे ही एकच संधी. वाद्य स्वतःचं आणायचं आहे, आणि माझ्या जुन्या गिटारीचा तारा अडकवायचा ब्रिज मागून इतका उचलला आहे की खाली पोस्टकार्ड सरकतं. ज्यांच्या दवाखान्यात मी नावं नोंदवायला बसते, त्या दातांच्या डॉक्टरांनी ती बघून रूट कॅनॉल सुचवलं आणि स्वतःच पोट धरून हसले. त्यांच्या विनोदांना दुसरं कोणी हसत नाही, कारण तिथे सगळ्यांची तोंडं उघडी असतात.

साठवलेले पैसे आहेत. एकच गिटार घ्यायची आणि चांगली घ्यायची. तीन पाहिल्या. एक निळी चकचकीत, तिच्या मानेवर शिंपल्याचे पक्षी उडताहेत. दुसरीला बटणं आणि वायर खुपसायचं भोक आहे. तिसरी फार मोठ्या नावाची. विक्रेता तिन्हींवर तेच चार सूर वाजवत म्हणाला की आवाज एकदम प्रीमियम आहे. म्हणजे कसा, असं विचारलं तर म्हणाला की भरलेला. कशानं, ते त्याला सांगता आलं नाही.

तू दारं-खिडक्या करण्याआधी गिटारी करायचास, असं आई सांगते, आणि त्याबद्दल तुला विचारू नको असंही सांगते. म्हणून विचारते आहे.

बाबांचा नमस्कार. आईचा राग. लोभ असू दे, तुझ्या पद्धतीनं का होईना.
तुझी,
टिचकी


६ फेब्रुवारी

चि. टिचकीस मामाचे आशीर्वाद, अकलेसकट.

तिन्ही स्थळांची वर्णनं वाचली. गिटारीच्या मानेवर पक्षी काढणारा माणूस आवाजाबद्दल बोलायचं टाळत असतो. बटणांची वस्तू विजेच्या दुकानात ठेवून दे. तिसरीचं तू फक्त नाव लिहिलंस, आवाजाबद्दल अक्षर नाही, यात काय ते आलं. आणि त्या विक्रेत्याला मी माझी एक खिडकी विकायला दिली, तर तो म्हणेल हवा प्रीमियम येते.

आता नीट वाच, मी दोनदा लिहिणार नाही. गिटार म्हणजे तिची वरची फळी. बाकी सगळं ती फळी धरून ठेवायला असतं. मधल्या भोकाच्या कडेवर बोट फिरव आणि बघ. वरच्या रेघा कडेवरून सरळ खाली उतरत असतील तर अखंड लाकूड. थर दिसले तर प्लायवूड, ते चहाच्या ट्रेला ठीक. मान एक डोळा मिटून टोकाकडून बघ, वाकडी असेल तर लगेच दिसते. फळीवर टिचकी मार. ते तुला शिकवायला नको. मग आत आरसा आणि बॅटरी घालून फळीला पोटातून चिकटवलेल्या आधाराच्या लाकडी पट्ट्या बघ. कारागिराची लबाडी असते ती तिथे, वर सगळेच साव. शेवटी पाठ फिरवून उभी राहा आणि दुसऱ्या कोणाला वाजवायला लाव. डोळ्यांनी गिटार घेणारे पुष्कळ आहेत. त्यांच्या गिटारी भिंतीवर शोभतात.

तुझ्या आईला सांग, विचारल्यानं मी मरत नाही. सहा वर्षं मी त्या कारखान्यात पट्ट्या बसवल्या. आमच्यावर एक फोरमन होता. त्याच्या खिशात कायम सहा इंची स्टीलची पट्टी, म्हणून नाव फूटपट्टी. देवानं त्याला कान दिले होते ते चष्म्याच्या काड्या अडकवायला. त्यानं माझ्या एका फळीला नावं ठेवली आणि मी बाहेर पडलो. सव्वीस वर्षं झाली. हत्यारं वाटून टाकली. आता खिडक्या करतो. खिडकी वाजत नाही हे तिचं सुख, आणि वाजलीच तर गिऱ्हाईक मला बोलतं, लाकडाला नाही.

बाबांना नमस्कार, तुझ्या आईला तिचा राग परत. लोभ आहे, तो टिकवणं तुझ्या खरेदीवर.
मामा


१३ फेब्रुवारी

ती. मामास,
टिचकीचा नमस्कार, दोन दुकानांतून हाकलली गेल्याबद्दलच्या आभारांसह.

डॉक्टरांकडून दात बघायचा आरसा मागून घेतला, त्या लांब दांडीच्या टोकाला असतो तो. पहिल्या दुकानात निळ्या गिटारीत घातला तर विक्रेता असा ओरडला, जणू त्याचाच दात उपटते आहे. आत प्लायवूड. दुसऱ्या दुकानात मालकीण म्हणाली की चांगल्या घरच्या मुली वस्तूच्या आत बघत नाहीत. मी म्हटलं, चांगल्या घरच्या वस्तूला लपवायचं काय? त्यावर तिनं दार दाखवलं.

तिसऱ्या दुकानात मात्र एक मिळाली. अखंड फळी, सरळ मान, पट्ट्या शाळेतल्या रांगेसारख्या. कुठेच चूक नाही. मी तिला ‘शहाणी’ म्हणते. घ्यावी असं जवळजवळ ठरलं होतं.

पण परवा जुनी गिटार निदान चालती व्हावी म्हणून दुरुस्तीच्या एका दुकानात गेले. चपलांच्या दुकानामागचं बोळकांडं, आत सरसाचा वास, टेबलाशी जाड चष्म्याचा म्हातारा. बोलायच्या आधी त्यानं शर्टाच्या खिशातून छोटी स्टीलची पट्टी काढून माझा ब्रिज मोजला. त्याच्या डोक्यामागे खिळ्याला एक गिटार होती. नाव नाही, चकाकी नाही, फळी मधासारखी पिकलेली. विकायची नाही म्हणाला. वाजवू का विचारलं तर हात पुसून काढून दिली.

मामा, मी पाठ फिरवून उभी राहिले आणि त्याला वाजवायला लावली. मला रडू आलं. हसू नकोस. खालचा सूर सोडला तरी खोलीत बसून राहतो, आणि वरचे सूर त्याच्या अंगावर पाय देत नाहीत. आरसा घातला. डावीकडची एक पट्टी बाकीच्यांपेक्षा फारच बारीक तासलेली, उजवीशी काहीच मेळ नाही, आणि शेजारी खडूची भली मोठी लाल फुली. म्हातारा सांगेना की फुली कशाची.

आता तूच सांग. शहाणी, की ही? पंधरा दिवस उरलेत, आणि नव्या वाद्यावर हात बसायला तेही कमीच.

आईचा राग निवळला आहे, तो तिनं बाबांना दिला. लोभ आणि सल्ला दोन्ही लवकर पाठव.
टिचकी


१६ फेब्रुवारी

टिचकीस,
आशीर्वाद गृहीत धर.

तुला लिहायला वाचायला शिकवलं ते व्यर्थ गेलं. बारा दिवसांवर परीक्षा, आणि तू बोळातल्या खिळ्यावरचं भंगार उतरवून रडतेस! एक पट्टी जाड, एक बारीक. असं काम दोघेच करतात, दारुडा आणि स्वतःला शहाणा समजणारा, आणि त्यातला दारुडा परवडला. त्या गाढवाला साधी पट्टी निवडता आली नाही. टोकाशी गाठ असलेलं लाकूड कोणी बसवतं का? ज्यानं फुली मारली त्यानं बरोबर मारली. अशा वस्तूचं काय करायचं ते ठरलेलं असतं, हातोडा घ्यायचा आणि चुलीत घालायची. म्हाताऱ्यानं ती टांगून ठेवली म्हणजे त्याला कामं नाहीत.

आणि तुझं ते रडू. रडू सगळ्यांनाच येतं, बँडवर नवरदेवाचा काका रडतो. तो कानाचा पुरावा नाही.

शहाणी घे. आजच घे. त्या बोळात परत जाऊ नकोस. जुनीचा ब्रिज मी बसवून देईन, इकडे पाठव.

आणखी लिहायचं नाही. लोभ आहे, पण कान उघडे ठेवण्याची अट आहे.
मामा


२० फेब्रुवारी

ती. मामास,
नमस्कार. तो तुझ्या वयाला, तुझ्या पत्राला नाही.

गाठ. मी गाठीबद्दल लिहिलंच नव्हतं, मामा. लिहिणार कुठून, मला ती दिसलीच नव्हती. तुझं पत्र हातात घेऊन त्याच बोळात गेले, आरसा पट्टीच्या अगदी टोकाला नेला. मसुराच्या दाण्याएवढी गाठ आहे तिथे.

मग मी म्हाताऱ्याला तुझं पत्र दाखवलं. हो, दाखवलं. ‘गाढव’ही वाचलं त्यांनी. चष्मा काढून पुसला आणि म्हणाले की कारखान्यात एकच माणूस फळी चिकटवून झाल्यावरसुद्धा आत आरसा घालून बघायचा.

त्यांनी सगळं सांगितलं. सगळ्या पट्ट्या एका मापाच्या, असा नियम होता. तुझ्या त्या गिटारीच्या फळीची डावी बाजू ताठ निघाली, म्हणून तू टिचक्या मारत, ऐकत ऐकत डावी पट्टी तासत गेलास. त्यांनी मोजली, माप चुकलं, फुली मारली. मग सगळ्यांसमोर तुझ्या हातात हातोडा दिला. तू तो टेबलावर ठेवलास आणि गेलास. तुझ्यामागून ते म्हणाले की आता मीच फोडतो, पण आधी हिचा आवाज किती वाईट आहे ते सगळे ऐका. आणि त्यांनी तारा चढवल्या. तो आवाज ऐकला आणि त्या दिवशी त्यांनी कारखाना तीन वाजताच बंद केला.

तुला परत का बोलावलं नाही, असं मी विचारलं. तेव्हा म्हणाले की बोलावलं असतं तर फुली पुसावी लागली असती, आणि ती सगळ्यांनी पाहिली होती. म्हणजे सव्वीस वर्षं एक माणूस लाजेपायी गप्प, आणि दुसरा अभिमानापायी खिडक्या करतोय. काय एकेक थोर पुरुष आहात! मला तुमच्या दोघांचीही कीव येत नाही, चीड येते. आणि तू? तुला माझ्या पत्रातच सगळं कळलं होतं, तरी मला ती फोडायला सांगतोस?

ते गिटार द्यायला तयार आहेत. पण म्हणतात, एकदा करणाऱ्याला न विचारता नापास केली, आता करणाऱ्याला न विचारता देणार नाही. आठ दिवस राहिलेत. शहाणी मी घेतलेली नाही, त्या दुकानदाराकडून परीक्षेआधीच्या दोन दिवसांसाठी मागून ठेवणार आहे, पुढचं तुझ्यावर.

लोभाचं नंतर बघू. उत्तर दे.
टिचकी


२३ फेब्रुवारी

चि. टिचकीस आशीर्वाद. या वेळी नुसतेच.

स्टीलच्या पट्टीपाशीच ओळखलं मी. फुलीपाशी गिटारही ओळखली. चिडलो, कारण ती जिवंत असेल असं मला वाटलंच नव्हतं. जी आपण मेली म्हणून सोडून आलो तिच्यावर शिव्यांशिवाय काय सुचणार? गाढव म्हणालो ते खरंच आहे. फक्त ते मी स्वतःलाच म्हणालो होतो एवढं लक्षात ठेव.

त्या दिवशी मी सरळ तुमच्याकडे आलो होतो. तू दोन वर्षांची. पाण्याच्या पिंपावर टिचक्या मारत होतीस आणि कान लावून ऐकत होतीस. मी तुझं नाव ठेवलं आणि ठरवलं की घरात एवढा एक कान पुरे.

एक गोष्ट तुझ्या आईलाही माहीत नाही. ती गिटार मी कधी ऐकलेली नाही. तारा चढायच्या आधी मी दाराबाहेर होतो. सव्वीस वर्षं जगाच्या वाद्यांना नावं ठेवली, आणि जी एक मनासारखी झाली असं वाटलं तिचा एक सूर कानावर नाही.

सत्तावीसला दुपारी येतो. दोन्ही गिटारी त्या बोळातल्या दुकानात ठेव. मी भिंतीकडे तोंड करून उभा राहीन. तू दोन्ही वाजव, कुठली आधी ते सांगू नकोस. ओळखली तर ती तुझी. नाही ओळखली तर फूटपट्टी बरोबर होता, हे मी त्याला तोंडावर सांगेन आणि तू शहाणी घेशील. फुलीला कोणी हात लावायचा नाही. आणि त्याला सांग, मला चहा नको आणि माफीही नको, तुला वाजवायला एक स्टूल पुरे.

लोभ आहे. तो कमी होणाऱ्यातला नाही, हे तुलाही ठाऊक आहे.
मामा


४ मार्च

ती. मामास,
तुझ्या कानांना साष्टांग नमस्कार, बाकीच्या मामाला साधा.

निवड झाली. आज यादी लागली. परीक्षकांपैकी एका बाईंनी गिटार कोणाची म्हणून विचारलं. मी सांगितलं, मामाची. कंपनी कुठली, असं त्यांनी परत विचारलं.

पण पत्र त्यासाठी नाही. त्या दिवशी तू भिंतीकडे तोंड करून उभा होतास, म्हणून तुला जे दिसलं नाही ते कळवते. आधी मी शहाणी वाजवली, तू मान हलवून नाही म्हणालास. मग दुसरी घेतली आणि फक्त खालची मोकळी तार सोडली. ‘मूर्खा, तार जुनी झाली आहे, बदलता येत नव्हती?’ एवढं तू भिंतीला म्हणालास आणि मग कितीतरी वेळ वळलाच नाहीस.

तेव्हा तुझ्यामागे फूटपट्टीकाकांनी खिशातली ती पट्टी काढली, टेबलाच्या खणात ठेवली आणि खण बंद केला. मी काल नव्या तारा आणायला गेले होते. खिसा रिकामाच होता. माझ्या जुन्या गिटारीवर वाकून ते टिचक्या मारत होते, आणि ऐकायला येत नाही म्हणून चष्म्याच्या काड्यांना दोष देत होते.

आईबाबांचा नमस्कार. लोभ आहे तसाच असू दे, आणि रविवारी ये, काकांना कोणीतरी शिकवायला हवं.
तुझी,
टिचकी