लिपिड आणि लिंपणं

नाशिकरोड, मंगळवार, जुलै १९७८

हेडसर चिडलेत. चिडू देत. अकरावीला लिपिड शिकवताना मी सांगितलं, की ग्रीक 'लिपोस' म्हणजे चरबी आणि आपलं 'लिंपणं' त्याच मुळातलं. एकलहऱ्याहून येणारी सुनंदा पटकन म्हणाली, "बाई, आम्ही कुडाची भिंत लिंपतो, तेच?" वर्ग हसला. "तेच!" मी म्हटलं. तेवढ्यात सर दारातून ओरडले, "केमिस्ट्री शिकवा, शेणमाती नको!" सुनंदाची मान खाली गेली. ती खाली गेलेली मानच सलतेय अजून. मी का गप्प बसले नाही? सर्वांसमोर म्हटलं, "सर, तिचं बरोबर आहे." आता नोकरीत कायम करतील की नाही, कोण जाणे. उद्या ग्लिसरीन शिकवायचंय. तो शब्द ग्रीकमधल्या 'गोड'वरून आलाय. तेही सांगणार, आणि चांगलं मोठ्याने सांगणार.