बीचच्या झाडांचा वळसा

शुक्रवार, १५ नोव्हेंबर

नाही म्हणजे नाही! उद्या मी पळणार.

डेस्मंडचा फोन आला होता. क्लबचा कप्तान झालाय, पण मला अजून ‘मिस’ म्हणतो. भूगोल मीच शिकवला त्याला. “मिस, उद्या टेकडीवर चिखल फार असणार. तुम्ही तुमच्या मैत्रिणीबरोबर, जेनेटबरोबर, चहाच्या टेबलाशी उभ्या राहिलात, तर सगळ्यांनाच बरं.”

सगळ्यांनाच! लंडनच्या मॅरेथॉनसाठी आमच्या क्लबला यंदा एकच जागा मिळाली आहे. हंगामातल्या चारही रानशर्यती ज्यांनी पूर्ण केल्या, त्यांच्या चिठ्ठ्या गुरुवारी टोपीत पडणार आणि त्यातून एक निघणार. खुल्या सोडतीत मला दरवर्षी नकार येतो. आता अडुसष्ट पूर्ण झाली — किती वर्षं थांबायचं? तीन शर्यती झाल्या. उद्याची चौथी.

टोपीत डेस्मंडचीही चिठ्ठी आहे, हे तो बोलला नाही. मीही बोलले नाही. “चहा मला करता येत नाही,” एवढंच म्हणाले आणि फोन ठेवला.

शनिवार, १६ नोव्हेंबर

पाय गरम पाण्यात आहेत. लिहिते, नाहीतर ओरडेन.

चिखल होताच. घोट्यापर्यंत. बायकांची शर्यत आधी. दुसऱ्या फेरीत सगळ्या पुढे निघून गेल्या. जाऊ देत. माझा वेग मला ठाऊक आहे.

शेवटच्या फेरीत बीचच्या त्या जुन्या, उंच झाडांपाशी आले, तर वाट दाखवणारी फीत नाही! वळण दाखवायला तिथे उभा असायचा तो माणूसही नाही. चिखलात खुंटीचं भोक तेवढं शिल्लक. समोर सरळ उतार, खाली शेवटची रेषा. उजवीकडे चढ, झाडांना वळसा. खालून भोंगा ऐकू येत होता — पुरुषांना बोलावत होते. त्यांचा मार्ग वेगळा, म्हणून फिती हलवायची घाई! बायका संपल्या असं कुणीतरी परस्पर ठरवून टाकलं.

सरळ उतरले असते तर कुणाच्या बापाला कळलं नसतं. मी उजवीकडे वळले. ज्या शब्दांसाठी पोरांना वर्गाबाहेर उभं केलं, ते सगळे वापरून वळसा पूर्ण केला.

उतरताना पुरुषांचा कळप समोरून आला. मी बाजूला झाले नाही. ते झाले.

खाली दोर गुंडाळलेले. घड्याळवाला तंबूत पाव खात बसलेला. मी तडक आत गेले.

“अहो, तुमची शर्यत संपली की!” तो म्हणाला.

“माझी आत्ता संपली,” मी म्हणाले.

डेस्मंड आपली शर्यत संपवून आला. तोंडभर चिखल, तरी चेहरा सरकारी. “मिस, निकालात तुमचं नाव नाही. तो वळसा तुम्ही घेतलात हे पाहिलं कुणी? चुकून सरळ आला असाल —”

“चुकून?”

चहाच्या टेबलामागून जेनेट कडाडली, “अरे गाढवा, रिकाम्या रस्त्यावर लाल दिव्याला थांबणारी बाई ही! ती वळसा चुकवेल?”

“जेनेट, हा पुरावा होत नाही.”

“मग तो केक ठेव खाली.”

ठेवला त्याने. पण नाव नाही घातलं. साक्षीदार आणा म्हणतो. रिकाम्या टेकडीवरून साक्षीदार आणू कुठून?

रविवार, १७ नोव्हेंबर

लांब पल्ल्याचा दिवस. पळाले. कालव्याच्या काठाने, पाऊस तोंडावर घेत. जेनेट सायकलवर सोबत — अंगात रेनकोट, टोपलीत जॅमचे सँडविच, आणि तोंड सुरू.

“जागा तर गेली. आता हे कशासाठी, बयो?”

“एप्रिलसाठी.”

“एप्रिलमध्ये काय आहे?”

“मॅरेथॉन. लंडनला नाही तर इथे. हाच काठ, जाऊन-येऊन. तू सायकलवर.”

“माझ्या बुडाला कुणी विचारलं का?”

कालव्यातल्या नावेवरून एकजण ओरडला, “आजी, घरी आग लागली का?”

“विझवून आले!”

शेवटी शेवटी मांडीत गोळा आला. कालव्याचं पाणी अडवणाऱ्या पाणदाराच्या तुळईवर बसले. जेनेट सायकल टेकवून शेजारी बसली, सँडविच पुढे केलं. मग म्हणाली, “डेस्मंडशी एकदा गोडीने बोलून बघ ना.”

गोडीने! मी काही चोरलेलं नाही. जे केलं त्यासाठी हात जोडायचे? उठले आणि घरापर्यंत पळतच आले. वेग विचारू नये.

सोमवार, १८ नोव्हेंबर

सकाळी अनोळखी बाईचा फोन. ओल्वेन. टेकडीपलीकडच्या क्लबची. माझ्या पाठीवरचं क्लबचं नाव वाचून नंबर शोधला म्हणाली. आयुष्यातली पहिलीच शर्यत होती तिची. बीचच्या झाडांपाशी फीत दिसेना, म्हणून ती रडकुंडीला येऊन थांबली होती. “तेवढ्यात तुम्ही चढावर दिसलात. तुम्ही वळलात, म्हणून मी वळले.” खाली पोचली तर चिटपाखरू नाही. तशीच गाडीत बसून घरी गेली. परत पळायचं नाही असं ठरवून.

तिला डेस्मंडला फोन करायला लावलं. नंतर त्याचा मला. “ठीक आहे, मिस. तुमची चिठ्ठी टोपीत. तिचं काय ते तिचा क्लब बघेल.”

“आधी निकालात दोन्ही नावं घाल. मग चिठ्ठी.”

घातली.

शेवटची मी नव्हतेच! आणि एकदाही मागे वळून पाहिलं नाही मी.