कुंडातलं शेवाळ काय खातं

गुरुजी,

तुम्ही जाऊन किती वर्षं झाली, पण या आठवड्यात तुमच्यावाचून फार अडलं. महादेवाच्या देवळामागचं कुंड बुजवायचं ठरलंय. पाणी हिरवं झालंय, वास मारतो, बोअर घेतलाच आहे, मग कुंड कशाला, असं पंचांचं म्हणणं. पोरं शेवाळ ओढून काठावर टाकतात, काही दिवसांत ते पुन्हा तेवढंच. "मुळासकट उपटा की रं!" सरपंच ओरडतात. त्याला मूळच नसतं, हे कुणाला सांगू?

मला तुम्ही सांगितलं होतं. मी चौथीत. शेवाळाचं मूळ शोधायला कुंडात खांद्यापर्यंत हात घातलाय, आणि तुम्ही मागून कान धरता. "बुडलास म्हंजी? काय हुडकतूस?" मग दोन बाटल्या आणायला लावता. एकीत विहिरीचं पाणी, दुसरीत पिंडीवरून पन्हळीतून कुंडात उतरणारं, दुधादह्याचं. दोन्हींत चिमूट चिमूट शेवाळ. हळूहळू दुसरी बाटली हिरवी गच्च होते. "बघ. ह्ये मुळानं पीत न्हाई. सगळ्या अंगानं पितंय."

परवा केबलवर समुद्रातले प्रवाळांचे खडक दाखवले. पाणी काचेसारखं, त्यात पोसण्यासारखं जवळपास काहीच नाही. तरी शेवाळ होतं. लाटा सारखं नवं पाणी आणतात, मासे घाण सोडतात, त्यातलं थोडंथोडं ते अंगानं ओढून घेतं. पण किनाऱ्यावरच्या गावांचं सांडपाणी आलं की ते माजतं, प्रवाळच झाकून टाकतं. मी ताडकन उठून बसलो. हे तर आपलंच कुंड!

बैठकीत हेच बोललो. कुंड बुजवू नका, दूध आवरा, पन्हळ बाहेर वळवा. सगळे हसले. "समुद्र कुटं, आपून कुटं, आप्पा!" चुलतभाऊ म्हणाला, "मग तुमी सोमवारी तांब्याभर दूध घालता, ते कशापायी?" इतका चिडलो की चपला देवळापाशीच विसरून घरी आलो.

आज सोमवार. पिंडीवर नुसतं पाणी घातलं आणि ते कुंडात उतरताना बघत उभा राहिलो. उद्या मुरमाचे ट्रॅक्टर येणार. दूध घातलं नाही ते बरोबर केलं, हे तुमच्यामुळं ठाऊक आहे, तरी दिवसभर देवाचं काहीतरी दाबून ठेवल्यासारखं वाटतंय. हा कागद पाठवायला पत्ता नाही. आणि दुधाचा तांब्या अजून देवघरापुढं तसाच आहे, गुरुजी. चहाला दिला नाही, ओतूनही टाकवत नाही.